पहिला उन्हाळा काढताना : विदर्भातील कोवळ्या झाडांसाठी संजीवकांचा वापर

विदर्भात मृगाच्या पावसावर लावलेले रोप दसऱ्यापर्यंत बहुधा टवटवीत असते, कारण तोवर त्याला स्वतः फारसे काही करावे लागत नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पाऊस परतला की पुढचे आठ महिने जमिनीत साठलेली ओल आणि आपण हाताने घातलेले पाणी एवढ्यावरच ते जगते. अकोला-बुलढाण्याकडे वर्षाला साधारण ७०० ते ८५० मिलिमीटर पाऊस पडतो आणि गोंदिया-गडचिरोलीकडे तो १२०० मिलिमीटरच्या पुढे जातो, पण एप्रिल-मे महिन्यांत दोन्हीकडची नवी लागवड सारखीच होरपळते. या पहिल्या उन्हाळ्यासाठी वनस्पती संप्रेरकांचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या बोलण्यातल्या संजीवकांचा, काही उपयोग करता येतो का आणि तो कोणत्या क्रमाने करावा, हे धुऱ्यावर किंवा पडीक वावरात प्रथमच आंबा, आवळा, सीताफळ, चिंच, कडुनिंब, साग अशी झाडे लावणाऱ्यांसाठी येथे सांगितले आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. संजीवकाने झाडाला पाणी मिळत नाही. जे पाणी आहे ते कसे खर्चायचे, एवढाच निरोप झाडाला मिळतो. खड्डा उथळ असेल, मुळे पिशवीतच गुंडाळलेली असतील किंवा आळ्यात आच्छादन नसेल, तर दुकानातील कोणत्याही बाटलीने ते रोप मे महिना ओलांडणार नाही. म्हणून पुढील पायऱ्यांमध्ये फवारणीपेक्षा इतर कामांना अधिक जागा दिली आहे.

झाडाच्या आत काय घडते

मुळांभोवतीची ओल कमी होऊ लागली की झाड ॲब्सिसिक ॲसिड नावाचे संप्रेरक अधिक प्रमाणात तयार करते. ते पानांमध्ये वाढले की पर्णरंध्रांच्या दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशींमधून पोटॅशियम बाहेर पडते, पेशी सैलावतात आणि रंध्र मिटते. पानातून बाफ होऊन जाणारे पाणी त्यामुळे थांबते. मात्र त्याच रंध्रातून आत येणारा कार्बन डायऑक्साइडही थांबतो आणि बाष्पीभवनाने पानाला मिळणारा थंडावा जातो. चंद्रपूर किंवा अकोल्याच्या ४५ अंशांच्या दुपारी रंध्रे मिटलेले पान तापून करपू शकते. बाजारात ॲब्सिसिक ॲसिड मिळते, पण ते महाग आहे, उन्हात लवकर निकामी होते आणि त्याचा परिणाम काही दिवसांपुरताच राहतो. रोप उपटून दुसरीकडे लावतानाचा धक्का सोसण्यासाठी ते उपयोगी पडते. अख्खा उन्हाळा त्याच्या भरवशावर काढण्याचा विचार नवख्याने करू नये.

सॅलिसिलिक ॲसिडचे काम थोडे वेगळे आहे. ताणाच्या काळात पेशींमध्ये जे घातक ऑक्सिजन-कण तयार होतात, त्यांना निष्प्रभ करणारी झाडाची स्वतःची यंत्रणा ते आधीच जागी करते. ब्रासिनोस्टेरॉइड गटातील होमोब्रासिनोलाइडही ताणाच्या काळात साधारण याच दिशेने मदत करते आणि ते आपल्याकडे ०.०४ टक्के तीव्रतेच्या द्रावणाच्या रूपात मिळते. ऑक्झिन गटातील आयबीए (इंडोल ब्युटिरिक ॲसिड) हे संजीवक नवी मुळे फुटण्यास मदत करते, त्यामुळे त्याचे स्थान फाटे कलम आणि रोपवाटिकेत आहे. जिबरेलिक ॲसिडने शेंडा लांबतो आणि पाने वाढतात. पाण्याची वानवा असताना पानांचा पसारा वाढवणे म्हणजे मिळकत नसताना खर्च वाढवणे होय, म्हणून लागवडीच्या पहिल्या वर्षी ते टाळावे.

कोकणात आंब्याला जमिनीतून दिले जाणारे पॅक्लोब्युट्राझोल हे संप्रेरक नसून जिबरेलिनची निर्मिती रोखणारे वाढनिरोधक आहे. त्याने शेंड्याची वाढ आखडते, मुळांचे प्रमाण त्या मानाने वाढते आणि रोप ताणाला अधिक टिकते, असे प्रयोगांत दिसलेले आहे. तरीही ते जमिनीत दीर्घकाळ राहते आणि मात्रा थोडी चुकली तरी कोवळे झाड कायमचे खुजे राहू शकते. फळधारणेच्या झाडासाठी असलेले औषध वर्षभराच्या रोपाला घालण्याचे कारण मला दिसत नाही.

मात्रेचे महत्त्व समजण्यासाठी आपल्याच भागातील एक उदाहरण पुरेसे आहे. संत्र्याची फळगळ थांबवण्यासाठी १०० लिटर पाण्यात दीड ग्रॅम टू-फोर-डी मिसळून फवारण्याची शिफारस वरुड-मोर्शीच्या बागायतदारांना पाठ असते. टू-फोर-डी हे कृत्रिम ऑक्झिन आहे आणि हाच पदार्थ कितीतरी अधिक मात्रेत तणनाशक म्हणून विकला जातो. शेजारच्या वावरातून त्याचा वारा लागला तरी पऱ्हाटीची पाने चिंबून अरुंद होतात, हे कापूस पिकवणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले आहे.

पायरी पहिली : खड्डा आणि जमीन

खड्डे एप्रिल-मे महिन्यांतच खोदून उन्हात तापू द्यावेत. आंब्यासाठी एक मीटर लांब, रुंद व खोल, आवळा-सीताफळासाठी ६० सेंटिमीटर आणि वनझाडांसाठी ४५ सेंटिमीटरचा खड्डा असावा. बरडी किंवा मुरमाड जमिनीत मुरूम फोडून तळ सैल करावा आणि शेणखतासोबत शक्य असल्यास गाळाची माती घालावी, कारण अशा जमिनीत ओल धरून ठेवणारे दुसरे काही नसते. भारी काळ्या जमिनीची अडचण उलटी आहे. तिच्यात पाणी भरपूर साठते, पण डिसेंबरनंतर ती भेगाळू लागते आणि त्या भेगा कोवळी मुळे अक्षरशः तोडतात. म्हणून काळ्या जमिनीत आळ्याची खुरपणी करून वरचा थर भुसभुशीत ठेवणे आणि पडलेली भेग कुटाराने व मातीने बुजवणे, हे काम कोणत्याही फवारणीपेक्षा मोलाचे आहे.

पायरी दुसरी : रोपवाटिकेतच रोप काटक करणे

झाडाकडून त्याचे स्वतःचे ॲब्सिसिक ॲसिड फुकटात तयार करून घेण्याचा मार्ग म्हणजे रोप काटक करणे. हिरव्या जाळीखाली रोज पाणी पिऊन वाढलेले रोप दिसायला देखणे असते, पण त्याचे पान पातळ आणि खोड लुसलुशीत असते. लागवडीच्या तीन-चार आठवडे आधी अशी रोपे टप्प्याटप्प्याने उघड्यावर आणावीत. प्रथम फक्त सकाळचे ऊन आणि आठवड्याभराने दिवसभराचे. पाण्याची पाळी रोजची असेल तर ती एक दिवसाआड आणि नंतर दोन दिवसांआड करावी. शेंड्याची पाने किंचित मान टाकू लागली की पाणी द्यावे, मात्र ती वाळण्याची वाट पाहू नये. पिशव्या उचलून जागा बदलाव्यात, म्हणजे पिशवीतून जमिनीत गेलेली मुळे तुटतात आणि आत नवी तंतुमुळे फुटतात. नवे पान आधीच्या पानापेक्षा लहान, जाड आणि गडद दिसू लागले की रोप तयार झाले असे समजावे.

रोपे विकत आणणार असाल, तर सर्वांत उंच रोपाकडे हात जाऊ देऊ नका. पिशवी उलटी धरून तळ पाहावा. तिथे मुळे सुतळीच्या गुंडीसारखी फिरलेली दिसली, तर ते रोप पिशवीत फार काळ राहिलेले आहे. दीड-दोन फूट उंचीचे, करंगळीएवढ्या बुंध्याचे रोप चार फुटी बारीक रोपापेक्षा उन्हाळा चांगला काढते.

पायरी तिसरी : द्रावण तयार करणे

नवख्यासाठी सॅलिसिलिक ॲसिडपासून सुरुवात करणे सोयीचे आहे, कारण ते स्वस्त आहे आणि त्यावरचा अभ्यास भरपूर झालेला आहे. बहुतेक प्रयोगांतील मात्रा लिटरला १४ ते १४० मिलिग्रॅम या पट्ट्यात येते आणि मधली ७० मिलिग्रॅमची मात्रा धरल्यास १५ लिटरच्या पंपाला साधारण एक ग्रॅम लागतो. एक ग्रॅम मोजण्यासाठी किराणा दुकानाचा काटा चालत नाही. सोनाराच्या काट्यावर एक-एक ग्रॅमच्या पुड्या बांधून घेऊन त्या कोरड्या बरणीत ठेवाव्यात. चमच्याच्या अंदाजाने कधीही घालू नये, कारण दुप्पट-तिप्पट मात्रेने कोवळ्या पानांच्या कडा जळतात.

सॅलिसिलिक ॲसिड गार पाण्यात सहज विरघळत नाही. पूड थेट पंपात टाकली तर ती तळाशी बसते आणि नोझल तुंबते. एक लिटर चांगल्या गरम पाण्यात एक ग्रॅमची पुडी टाकून काडीने ढवळावी. चमचमणारे स्फटिक दिसेनासे झाले की ते पाणी गाळून पंपातील पाण्यात मिसळावे. पानावर थेंब पसरावा म्हणून नेहमीचे स्टिकर लेबलवरील मात्रेत घालावे. तयार द्रावण त्याच दिवशी संपवावे.

पाण्याची निवड हा येथे दुर्लक्षित राहणारा भाग आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात बोअरचे पाणी क्षारयुक्त असते आणि अशा पाण्याची फवारणी म्हणजे ताणात असलेल्या पानावर पुन्हा मिठाचा थर देणे होय. शिवाय अल्कधर्मी पाण्यात सॅलिसिलिक ॲसिड पानाच्या मेणचट थरातून आत कमी शिरते. पावसाचे साठवलेले किंवा शेततळ्याचे पाणी वापरावे. फवारणीला ते फार लागत नाही.

डोकेदुखीच्या गोळ्या पाण्यात विरघळवून फवारण्याचा सल्ला मोबाईलवर फिरत असतो. त्या गोळीतील पदार्थ हा सॅलिसिलिक ॲसिडचा वेगळा संयुग आहे, त्यात इतर भरणाही असतो आणि मात्रेचा हिशोब लागत नाही. त्यामुळे त्या वाटेला जाऊ नये.

पंपाविषयी एक ताकीद द्यावीशी वाटते. ज्या पंपाने तणनाशक मारले आहे तो संजीवकासाठी शक्यतो वापरूच नये. दुसरा पंप नसेल, तर धुण्याचा सोडा घातलेले पाणी पंपात रात्रभर ठेवून नळी व नोझलसह तीन वेळा धुवावा. संजीवक आणि कीटकनाशक एकत्र करून एकाच फेरीत काम उरकण्याची सवयही टाळावी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेल्या विषबाधेत शेतकरी आणि शेतमजुरांचे जीव गेले, हे आपल्या भागाला विसरता येण्यासारखे नाही. औषध सौम्य असले तरी हातमोजे, तोंडावर मास्क आणि वाऱ्याच्या दिशेचे भान ठेवावे.

पायरी चौथी : फवारणीची वेळ

ही पायरी चुकली तर बाकी सगळे बरोबर असूनही पैसे वाया जातात. सॅलिसिलिक ॲसिड ताण येण्यापूर्वी द्यायचे असते. पान भरलेले आणि जमीन ओली असतानाच झाड ते घेऊन तयारीला लागू शकते. सुकून लोंबणाऱ्या पानावर मारलेला फवारा वरच्या वरच वाळतो.

पहिली फवारणी रोपवाटिकेत, लागवडीच्या पाच-सात दिवस आधी करावी. दुसरी सप्टेंबरच्या अखेरीस, परतीचा पाऊस संपत आला असताना आणि वावरात ओल असताना करावी. तिसरी जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला, ऊन तापण्याआधी, आदल्या दिवशी आळ्यात पाणी देऊन करावी. मार्चच्या मध्यानंतर फवारणी बंद ठेवावी आणि नवतपात तर पंप बाहेरच काढू नये. वेळ नेहमी सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावरची असावी. बहुतेक झाडांची पर्णरंध्रे पानाच्या खालच्या बाजूला असतात, म्हणून नोझल खालून वर धरावे; पान दोन्ही बाजूंनी ओले व्हावे आणि थेंब गळू लागण्याआधी थांबावे. पहिल्यांदा फवारताना दोन-तीन रोपांवरच मारून चार-पाच दिवस वाट पाहावी.

साग, मोह, पळस यांसारखी झाडे उन्हाळ्याच्या तोंडावर पाने गाळतात आणि ताण टाळण्याची त्यांची तीच रीत आहे. त्यांना फेब्रुवारीची फवारणी देण्यात अर्थ नाही. सागाचे पहिल्या वर्षाचे रोप मार्चमध्ये काडीसारखे उभे दिसले म्हणून मेले असे समजून उपटू नये. नखाने साल किंचित खरवडावी. आत हिरवे दिसले तर ते जिवंत आहे.

पायरी पाचवी : लागवड आणि मुळांकडून मिळणारी मदत

दमदार पाऊस होऊन जमीन चांगली भिजल्यावरच लागवड करावी. पिशवी ब्लेडने उभी कापून काढावी, तळाशी फिरलेली मुळे धारदार कात्रीने छाटावीत आणि मातीचा गोळा न फोडता रोप बसवावे.

याच वेळी जिवाणूंची मदत घेता येते आणि माझ्या मते कमी खर्चात जास्त गुण देणारा उपाय हाच आहे. ॲझोस्पिरिलम हा जिवाणू मुळांजवळ स्वतः ऑक्झिन तयार करतो, ज्यामुळे मुळांचा विस्तार वाढतो. स्यूडोमोनासच्या काही जाती मुळांतील इथिलिन या संप्रेरकाचा कच्चा माल खाऊन टाकतात, त्यामुळे ताणाच्या काळात मुळांची वाढ थांबवणारे इथिलिन कमी तयार होते. मायकोरायझा ही बुरशी तर मुळांना जोडलेल्या तंतूंनी दूरवरची ओल आणि स्फुरद आणून देते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात किंवा जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जिवाणू संवर्धकांची चौकशी करावी. पाकिटावरील अंतिम तारीख पाहावी, पाकीट उन्हात ठेवू नये आणि संवर्धक शेणखतात मिसळून मुळांच्या लगत द्यावे. त्याच खड्ड्यात त्या दिवशी रासायनिक बुरशीनाशक ओतू नये.

खरेदी करताना

कृषी केंद्रात सगळ्याच बाटल्यांना टॉनिक म्हणतात आणि नवख्याची फसगत तिथेच होते. संजीवके ही कीटकनाशक कायदा १९६८ खाली नोंदली जातात, तर समुद्री शेवाळाचा अर्क, ह्युमिक ॲसिड असे जैव-उत्तेजक पदार्थ फेब्रुवारी २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आले आहेत. म्हणून लेबलवर घटकाचे नाव, त्याचे शेकडा प्रमाण, नोंदणी क्रमांक आणि तारीख आहे का ते पाहावे आणि पक्के बिल घ्यावे. घटकाचे नाव न सांगता नुसता हिरवागार डोलणारा फोटो असलेली बाटली तशीच परत ठेवावी. होमोब्रासिनोलाइड किंवा ॲब्सिसिक ॲसिड घेतल्यास लेबलवरील मात्राच पाळावी आणि एका झाडावर एका हंगामात एकच संजीवक वापरावे, नाहीतर गुण कशाचा आला आणि अपाय कशाने झाला हे कळत नाही.

पायरी सहावी : उन्हाळ्यातील पाणी

ऑक्टोबरमध्येच आळ्यात सोयाबीनचे कुटार, वाळलेला पाला किंवा बारीक केलेली तुराटी यांचा वीतभर थर द्यावा. बुंध्याभोवती चार बोटे जागा मोकळी सोडावी, अन्यथा वाळवी खोडाला लागते. मडके गळ्यापर्यंत पुरून, तळाच्या छिद्रात कापडाची वात घालून ते आठवड्यातून एक-दोनदा भरल्यास थोड्या पाण्यात बरेच काम होते. सलाईनची रिकामी बाटली काठीला टांगण्याची युक्तीही अनेक गावांत चालते. दक्षिण आणि पश्चिम बाजूला तुराट्यांचा ताटवा उभा केला, तर दुपारच्या झळांपासून रोप वाचते.

पाणी कधी द्यावे हे दुपारच्या पानावरून ठरवू नये. एप्रिलच्या दुपारी ओल्या जमिनीतील रोपही मान टाकते आणि संध्याकाळी सावरते. सूर्योदयाच्या वेळी जे पान लोंबलेले दिसेल, त्या झाडाला खरोखर पाणी हवे आहे.

फार सुकलेल्या झाडाला एकदम भरपूर पाणी देणेही धोक्याचे आहे. ताणाच्या काळात मुळांमध्ये इथिलिनचा कच्चा माल साठतो. पाणी मिळताच तो पानांकडे वाहतो, तिथे त्याचे इथिलिन होते आणि पाने गळतात. लिंबूवर्गीय रोपांत हे स्पष्टपणे दिसून आले आहे. बहर यावा म्हणून संत्र्याची बाग ताणावर सोडणारे, म्हणजे तिचे पाणी काही काळ तोडणारे, बागायतदार ताण तोडताना पहिले पाणी हलके का देतात, याचे एक कारण येथे सापडते. आपणही अशा रोपाला आधी थोडे आणि दोन दिवसांनी पुरेसे पाणी द्यावे. बहरासाठीचा ताण हा फळावर आलेल्या झाडांसाठी आहे. चार वर्षांच्या आतील झाडाला तो मुद्दाम देऊ नये.

पायरी सातवी : फवारा न मारलेली ओळ

फवारणीचा गुण आला की नाही हे कळायचे असेल, तर काही झाडे मुद्दाम तशीच ठेवावी लागतात. एक ओळ फवारलेली आणि एक न फवारलेली, अशी आलटून पालटून रचना करावी. फवारलेल्या ओळीला रंगीत चिंधी बांधावी. वावराच्या खोलगट भागातील ओळ एका बाजूला आणि उतारावरची दुसऱ्या बाजूला असे होऊ देऊ नये, कारण मग फरक जमिनीचा असेल आणि श्रेय बाटलीला जाईल. दोन्ही ओळींना पाणी, खत आणि आच्छादन सारखेच मिळाले पाहिजे. न फवारलेल्या ओळीला केवळ शुद्ध पाण्याचा फवारा दिला तर तुलना आणखी चोख होते.

वहीत प्रत्येक झाडाचा क्रमांक, जमिनीपासून चार बोटे उंचीवरची बुंध्याची जाडी आणि जिवंत-मेलेले एवढीच नोंद ऑक्टोबर, फेब्रुवारी आणि जून महिन्यांत करावी. उंचीला फार महत्त्व देऊ नये, कारण ताण सोसणारे झाड पहिल्या वर्षी वर कमी आणि खाली जास्त वाढते. जूनच्या नोंदीत दोन्ही ओळींतील जगलेल्या झाडांची संख्या सारखीच निघाली, तर तुमच्या जमिनीत आणि तुमच्या पाण्यावर त्या संजीवकाची गरज नव्हती असे समजावे आणि पुढच्या वर्षीचा तो खर्च कुटार, मडकी आणि जास्तीच्या एका पाण्याकडे वळवावा. फरक ठळक दिसला, तर दुसऱ्या वर्षी सप्टेंबर आणि फेब्रुवारी अशा दोनच फवारण्या कराव्यात. मुळे खोल गेल्यावर, साधारण तिसऱ्या वर्षापासून, त्याही बंद कराव्यात.